त्यानं कुणालाच ठेवलं नाही

कॉलेजचा बास्केटबॉल संघ मोडल्यावर जे आठजण एकमेकांच्या संपर्कात राहिले, त्यांची ही लीग. नगरच्या ज्या मैदानावर आम्ही खेळायचो ते डांबरी होतं. पडलं की गुडघ्यात खडी रुतायची. पुढं सगळे पांगले. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या खरेदी विभागात लागलो. एकानं नगरमध्येच मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. कुणी पुण्याला गेलं, कुणी नाशिकला. खेळ सुटला आणि पोटंही सुटली. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मोबाईलवर लीग काढू.

यात अमेरिकेतले खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे असतात. ते तिकडं सामन्यात जे काही करतील, त्याचे गुण आपल्या संघाला मिळतात, आणि दर आठवड्याला आपल्यातल्या दोघादोघांच्या संघांचा सामना लागतो. हंगामाच्या आधी पाळीपाळीनं खेळाडू उचलायचे, तो ड्राफ्ट. आमच्या लीगमध्ये आणखी एक नियम होता. आपल्या संघातले चार खेळाडू प्रत्येकाला पुढच्या वर्षासाठी राखता यायचे. त्यांना आम्ही 'ठेवणीतले' म्हणायचो. त्यामुळं एकोणीस-वीस वर्षांचं एखादं कच्चं पोरगं घ्यायचं, त्याच्यापायी हरायचं, आणि ते तयार होईल याची वाट बघायची, अशी सगळी मजा होती. नियम मी सांभाळायचो आणि भांडणं निस्तरायचो, म्हणून मला सगळे सरपंच म्हणत.

वाट बघण्यात आमच्या एका मित्राचा हात धरणारा कुणी नव्हता. तो मूळचा कोल्हारचा, शेतकऱ्याघरचा, आमच्यात सगळ्यात उंच. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता आणि तिथल्याच कॉलनीत राहायचा. त्यानं एका ड्राफ्टमध्ये कुठल्या तरी परदेशातून आलेलं एक काटकुळं पोरगं घेतलं. आम्ही हसलो. त्या पोराचा पाय मोडला आणि अख्खा हंगाम ते बाकावर बसलं. तरी यानं त्याला ठेवणीत ठेवलं. आता तो खेळाडू तिकडच्या मोठ्यांत गणला जातो. तिकडचे सामने आपल्याकडं सकाळी दिसतात. हा चहा घेऊन ओट्यावर मोबाईल बघत बसायचा आणि आम्हाला मेसेज टाकायचा, "आज माझं पोरगं लई पळालं." त्या खेळाडूच्या बदल्यात आम्ही त्याला काय काय देऊ केलं होतं. तो म्हणायचा, "मी मेलो तरी देणार न्हाई."

मुलीच्या बारावीनंतर त्याची बायको मुलीला घेऊन पुण्याला राहायला गेली. भांडण वगैरे काही नव्हतं. मुलीचं शिक्षण होतं, वहिनींना तिथं नोकरीही मिळाली. हा शनिवारी जायचा. पुढं पुढं त्याचं जाणं कमी झालं. कारखान्यात काम आहे म्हणायचा. मेसेज कमी झाले. आम्हाला वाटलं, वय झालं, सगळ्यांचंच होतं तसं.

गेल्या वर्षीचा ड्राफ्ट दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी ठरला. ठेवणीतले खेळाडू कळवायची मुदत त्या दिवशी सकाळपर्यंत होती. सात जणांची नावं आली. त्याच्या नावापुढं काहीच नव्हतं. विसरला असेल म्हणून मी फोन केला.

"अरे, तुझे चार टाकायचे राहिले."

"राहिलं न्हाई. कुणालाच ठेवत न्हाई मी."

"तुझ्या त्या पोरालापण?"

"त्यालापण. घेऊ दे ना दुसऱ्या कुणाला तरी. किती वर्षं माझ्याकडंच सडायचं त्यानं?"

तो हसला. आवाज अगदी नीट होता. खरं म्हणजे बऱ्याच महिन्यांत इतका मोकळा ऐकला नव्हता. मी म्हटलं, बघ बरं, नंतर बोंब मारशील. तो म्हणाला, "न्हाई मारणार."

दुपारी सगळे फोनवर जमले. पहिली पाळी दुकानवाल्या मित्राची होती. त्यानं त्या काटकुळ्या खेळाडूचं नाव घेतलं आणि असा ओरडला की त्याच्या मागून गिऱ्हाईक "काय झालं शेठ?" म्हणून विचारताना ऐकू आलं. सगळे हसले. हा एवढंच म्हणाला, "संभाळ त्याला. गुडघा नाजूक हाय त्याचा."

मग त्याची पाळी आली. त्यानं जो खेळाडू घेतला, तो या हंगामानंतर निवृत्त होणार हे जाहीर झालं होतं. दुसऱ्या पाळीला असाच एक. तिसऱ्यालाही. सगळी म्हातारी माणसं, शेवटचं वर्ष खेळणारी.

"काय रे, वृद्धाश्रम काढतो का?" नाशिकवाला म्हणाला.

"या वर्षापुरतं बघतोय," तो म्हणाला.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं तुमी बघा."

पुन्हा हशा झाला. मीही हसलो. शेवटच्या पाळीला त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो बोललाच नाही. वेळ संपली, ॲपनं आपोआप एक खेळाडू त्याच्या संघात टाकला आणि ड्राफ्ट संपला.

सगळ्यांनी फोन ठेवले. माझा संघ चांगला झाला होता. त्यानं सोडलेल्यांपैकी एक मलाही मिळाला होता. पण मला चैन पडेना. मी मोबाईलवर त्याचा संघ पुन्हा बघितला. एकही माणूस असा नव्हता जो पुढच्या वर्षी असणार होता. इतकी वर्षं ज्यानं फक्त पुढचं बघून संघ बांधला, त्याचा हा संघ. मग गणपतीत तो आमच्या घरी येऊन गेला होता, ते आठवलं. जाताना त्यानं त्याचा चामडी बॉल आमच्याकडं ठेवला होता. "तुझ्या पोरीला होईल," म्हणाला होता. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं.

बायको भाजी निवडत बसली होती. तिला सांगितलं. सांगताना माझं मलाच ते पोरकट वाटत होतं. मोबाईलवरच्या खेळात एकानं चुकीचे खेळाडू घेतले, एवढंच तर झालं होतं.

ती म्हणाली, "फोन करा त्यांना."

केला. उचलला नाही. परत केला. नाही.

"जाऊन या मग."

"अगं, एका गेमवरून?"

"तुमच्यासाठी गेम. त्यांच्याकडं हल्ली दुसरं आहे काय?"

मी दुकानवाल्याला फोन लावला. तो अजून खुशीतच होता. मी म्हणालो, "दुकान बंद कर आणि गाडी काढ. आपल्याला श्रीगोंद्याला जायचंय." त्यानं का म्हणून विचारलं. सांगितलं, तसं त्यानं शटर ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "या अल्लाह. मी त्याला हसत होतो रे."

दौंड रस्त्यानं आम्ही निघालो. तो गाडी चालवत होता, मी फोन लावत होतो. रिंग जात होती. वहिनींना कळवावं का, यावरून आमची वाटेत वादावादी झाली. तो म्हणाला, कळव. मी म्हणालो, काहीच नसलं तर उगीच त्यांचा जीव टांगणीला लागेल. शेवटी नाही कळवलं. उसाच्या शेतांवर ऊन तिरपं झालं होतं. गळीत सुरू व्हायचं होतं, त्यामुळं रस्त्यावर उसाच्या गाड्या नव्हत्या, कारखान्याची चिमणीही थंड होती.

कॉलनीच्या फाटकावर वॉचमननं आम्हाला थांबवलं.

"सायेब व्हय? हायेत की घरातच. लई दिस झालं, भायेर येतच न्हाईत. ड्युटी करत्यात अन् घरात जात्यात."

दार त्यानंच उघडलं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. आम्हाला बघून तो गोंधळला, मग हसला. "का रे, ड्राफ्टमध्ये काय चुकलं का?"

आम्ही आत गेलो. सगळं आवरलेलं होतं. त्याचं घर कधीच असं नसायचं. टेबलावर काही नाही, खुर्चीवर कपडे नाहीत. स्वयंपाकघरात भांडी पालथी घालून पुसून ठेवलेली. एक मोठी बॅग भरून दाराजवळ ठेवली होती. त्यावर चिठ्ठी वगैरे काही नव्हतं, पण त्यात मुलीच्या लहानपणच्या वस्तू होत्या. ते मला नंतर कळलं.

आम्ही बसलो. दुकानवाला इकडचं तिकडचं बोलत राहिला. मला कसं विचारावं ते सुचेना. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि ती मोडत होती. शेवटी सरळच विचारलं.

"तू जिवाचं काही बरंवाईट करायचं ठरवलंयस का?"

मित्र खाली बघत होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायला किका मारत होतं, ती लागत नव्हती.

"विचार असतो," तो म्हणाला. "रोज असतो. सकाळी उठलं की आधी तोच."

"आणि आज?"

"आज ड्राफ्ट हुता. तेवढं उरकायचं हुतं. तुमचा खोळंबा नको व्हायला."

मी त्याच्याजवळ गेलो, पण मिठी वगैरे मारता आली नाही. नुसता खांद्यावर हात ठेवला. तो उंच माणूस बसल्या जागी इतका लहान झाला होता. मी विचारलं, "झालं काय? कुणी काही बोललं? कामावर काही?"

"काहीच न्हाई झालं. तेच तर हाय. काही झालं असतं तर सांगता आलं असतं."

दुकानवाल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो म्हणाला, "भावा, तुझं पोरगं मी तुला परत देतो. आत्ता देतो. सरपंच, कर रे."

त्यावर मित्र एकदम चिडला. त्या दिवसात तो तेवढाच एकदा चिडला. "मला नको तो! तू कशाला परत करतो? मी सोडलाय त्याला!" मग तोंड झाकून रडला. आम्ही त्याला रडू दिलं.

त्या संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन नगरला आलो. तो नको म्हणाला नाही. गाडीत मागच्या सीटवर आडवा झाला आणि झोपला. वहिनींना मी घरी पोचल्यावर फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला वाटायचं, मी इकडं आले म्हणून ते रागावलेत. मीही मग रागावूनच होते." दुसऱ्या दिवशी त्या आणि मुलगी आल्या. मुलगी बापाच्या शेजारी बसून राहिली. दोघं टीव्ही बघत होते, आवाज बंद करून.

नगरमध्ये मनाच्या आजाराच्या एका डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, कारण शोधत बसू नका, आणि त्यांना एकटं ठेवू नका. काही आठवडे तो आमच्याकडं राहिला, नंतर रजा टाकून पुण्याला गेला.

मी एक गोष्ट केली, जिचं बरं-वाईट मला अजून ठरवता आलेलं नाही. लीगमधल्या बाकीच्यांना मी सांगितलं. नाही तर ते त्याच्या म्हाताऱ्या संघाची चेष्टा करत राहिले असते. त्यांनी चेष्टा थांबवली. पण मग ग्रुपवर कुणी त्याच्याशी काहीच बोलेना. त्याच्या संघाशी सामना पडला की समोरचा मुद्दाम कमकुवत खेळाडू उतरवायचा. तरीही हाच हरायचा, कारण म्हातारी माणसं दर आठवड्याला दुखापतीनं बसत. हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मला फोन केला.

"सगळ्यांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"मला विचारायचं हुतं."

"हो. विचारायला पाहिजे होतं."

"आता मी त्यांच्यासाठी पेशंट झालो. आधी हरलो की शिव्या तरी बसायच्या." आणि त्यानं फोन ठेवला.

हंगाम संपल्यावर तो लीगमधून बाहेर पडला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्याला त्यात मन घालता येत नव्हतं. आता आम्ही सात आहोत, आणि दर आठवड्याला एकाला सामना नसतो. त्याची जागा भरायला दोघांतिघांची नावं निघाली, पण पुढं कुणी विषय नेला नाही.

तो आता पुण्यातच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. गोळ्या चालू आहेत. काही दिवस चांगले जातात, काही नाही. मध्ये मी कामानिमित्त गेलो तेव्हा आम्ही त्याच्या सोसायटीजवळच्या टेकडीवर फिरायला गेलो. चढ संपल्यावर तो थांबून म्हणाला, "तू त्या दिवशी आलास ते बरं झालं, असं मला म्हणता यायला पायजे. सगळे म्हणतात तसं. पण अजून म्हणता येत न्हाई."

मी म्हटलं, "नको म्हणूस."

"राग तर न्हाई ना?"

"नाही."

खरं तर मला काय वाटलं ते मला सांगता येत नाही. राग नव्हता. भीती होती, आणि ती त्या दिवसापासून गेलेली नाही.

मी दर रविवारी त्याला फोन करतो. मागं एकदा त्यानं दिवसभर उचलला नाही. मी दुपारी जेवलो नाही. बायकोनं वहिनींना फोन लावला, त्यांचाही लागला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. मुलीला स्कूटर शिकवायला तिघं कुठल्या तरी मोकळ्या मैदानावर गेले होते, फोन घरीच राहिले होते. मागून मुलीचा आवाज येत होता. मैदानावर ती पडली होती, ते सांगत हसत होती.

"तू घाबरतोस, हे कळतं मला," तो म्हणाला. "पण दर वेळी फोन उचलून मी जिवंत हाय म्हणून हजेरी द्यायची, असं नको करूस. मला लई जड जातं ते."

मी म्हटलं, बरं. पुढच्या रविवारी सकाळी मी फोन हातात घेतला, ठेवला, आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.