आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर

दोंडाईचा स्टेशनवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पाठीवरून उतरवून बाकावर बसवलं, तेव्हा मी त्यांच्याशीही बोलत नव्हते. सुरतेची गाडी यायची होती. आत्याने पाठवलेला तिचा मुलगा तिकिटं काढायला गेला होता. आबा माझ्या पायातला लोखंडी पट्ट्यांचा बूट उगाच सैल करत, पुन्हा आवळत होते. शेवटी म्हणाले, "आंडेर, मनी पोर, मांगाले लाजू नको, पन कोन्हापुढे हात पसरू नको." मी तोंड फिरवलं. मागूनच तर ही वेळ आली होती.

गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही सांगता की अक्का शिकायला सुरतेला गेली. माझ्यासारखी जी माणसं सुरतेच्या उधन्यात, लिंबायतमध्ये येऊन राहिली, तीही कामासाठी आली असं सांगतात. मी एका जिन्यामुळे गेले. ते इथं नीट सांगते.

लहानपणी माझ्या डाव्या पायावरून वारं गेलं. तरी सातवीपर्यंत माझं अडलं नाही, कारण वर्ग खाली होते; व्हरांड्याच्या पायऱ्या तेवढ्या खांब धरून चढायचे. आठवी वर होती. आपल्या शाळेत वर जाणं म्हणजे मोठं होणं. वरची पोरं खालच्यांना 'ए चिल्लर' म्हणायची, कठड्याशिवायच्या त्या दगडी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरायची. पहिल्या दिवशी मी बसून, हातांनी अंग उचलत चढले. अर्ध्यावर परकर पायरीच्या कोपऱ्यात अडकून फाटला. वरून हसण्याचा आवाज आला. मी तशीच खाली आले.

मुख्याध्यापक दयाळू होते. म्हणाले, "तू घरी बस. हजेरी मी लावतो. परीक्षेला ये, पास करून टाकू."

मी म्हटलं, "सर, पाचवी वर न्या, आठवी खाली आणा. खोल्या सारख्याच आहेत."

माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. त्यांना राग आला नाही, गंमत वाटली. मला जिन्याच्या खालच्या पायरीशी उभं ठेवून त्यांनी अख्खी आठवी व्हरांड्यात बोलावली. विचारलं, "हिच्यासाठी पाचवीच्या खोलीत कोण यायला तयार आहे? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. कमल माझी मैत्रीण, पाचवीपासून एका डब्यात जेवलेली. ती पुस्तकात बघत राहिली. आता ती दोन गावं सोडून नांदते. भेटली की प्रेमाने बोलते, तो विषय काढत नाही. मीही काढत नाही. पण विसरलेले नाही.

सुरतेत आत्याने मला मराठी शाळेत घातलं. पत्र्याखाली एका ओळीत खोल्या, पायरी एकही नाही. ते कोणी माझ्यासाठी केलं नव्हतं. जागाच तशी होती. तिथली पोरं मला तोंडावर लंगडी म्हणायची आणि लगोरी खेळताना आपल्या बाजूला ओढायची, कारण नेम माझा पक्का. त्यांना शिव्या घालतच मी मॅट्रिक झाले. मग आत्याच्या घरात साड्यांना लेस लावता लावता मार्केट कळलं, गुजराती जिभेवर आली. आज माझं लेसचं दुकान आहे. व्यापारी म्हणतात, 'बेन साथे माथाकूट नहीं', या बाईशी हुज्जत नको. भावात मी कुणाला सोडत नाही, आणि माझा आवाज दोन गाळ्यांपलीकडे जातो.

तो आवाज ऐकतच एकदा गावचे नाना दुकानात आले. शाळेच्या कमिटीचे प्रमुख. चहा घेऊन देणगीचं काढलं, म्हणाले, "अक्का, शाळाले कमान बांधनी शे. आबानं नाव टाकूत. बठ्ठा गाव, लहानमोठा, वाची."

आबा तेव्हा हयात नव्हते. त्यांचं नाव म्हटल्यावर मी क्षणभर हलले. मग विचारलं, "आठवी अजून वरच का?"

"वरच शे ना."

"मग कमान नको. व्हरांड्याला उतार बांधा, आठवी खाली आणा."

"उतारवर नाव कथं लिखानं? पायखाले?"

"पायखालेच लिखा."

नाना हो म्हणून गेले. सव्वीस जानेवारीला मला बोलावलं. गेले. उतार बांधला होता, गुळगुळीत, गेरूने रंगवलेला. व्यासपीठाला. मला शाल-श्रीफळ घ्यायला चढता यावं म्हणून! व्हरांड्याच्या उंच पायऱ्या तशाच, आणि त्यांच्यावरून सातवीतली रंजना हातांवर जोर देत वर्गातून मैदानात उतरत होती. दोन्ही पाय पोलिओने गेलेले.

माझं डोकं फिरलं. माईक चालू होता, त्याची मला पर्वा नव्हती. "नाना, मी इथं एक दिवसाची. ही रोजची. उतार कुणासाठी बांधला?"

नाना खरोखर गोंधळले. "पाव्हनाना मान पहिला राहस ना, अक्का. ती तं आपली घरनी पोर."

मी शाल घेतली नाही. व्यासपीठावरून उतरून रंजनाजवळ जमिनीवर बसले. सातवीची पोरं भोवती गोळा झाली. मी म्हटलं, "जूनमध्ये आठवी खाली येईल. बघतेच मी."

रंजना म्हणाली, "नको."

"काय नको?"

"बठ्ठा वर जातीन, मी काबर खाले बसू? माले बी वरच जानं शे."

"आम्ही तुले पाठवर नेसूत," एक पोरगी म्हणाली.

"कोन्हाच्या पाठवर नही. तू पाडशी." सगळे हसले, तीही हसली. मग मला म्हणाली, "धराले काही पाहिजे. दोन्ही अंगे. बस."

एवढी वर्षं मी मनात ज्या मागणीसाठी भांडत होते, ती या पोरीने एका वाक्यात बाजूला ठेवली. मला तिचा रागच आला. तरी नानांकडे वळून सौदा केला: व्हरांड्याला उतार, जिन्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, आणि तो बसेपर्यंत आठवी खाली.

"तीन तीन गोष्टी? एक कमी करा, अक्का."

"कमी होणार नाही. कमानीचं विसरा."

जूनमध्ये व्हरांड्याला उतार झाला, आठवी पाचवीच्या खोलीत बसली. पोरं कुरकुरली, रंजना सगळ्यांत जास्त. दिवाळीनंतर कठडा लागला. तिने एसटीडी बूथवरून दुकानात फोन केला.

"गेलीस वर?"

"गयथू ना. हात सोलाई गयात."

"काय शे वर?"

"काही नही, अक्का. फळा शे, बाक शे. खालेसारखंच."

गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी रिसीव्हर ठेवला आणि त्याला भलत्याच दराने माल देऊन बसले.

उधन्यातलं माझं घर तळमजल्यावर आहे, उंबराही नाही. तिथं मला काही अडत नाही आणि तिथं मी कुणाशी भांडतही नाही. कुणी गाव विचारलं की मात्र मला वरची तीच खोली दिसते, जिच्यात फळा आणि बाकाशिवाय काही नाही. माझ्यासाठी गाव आता तेवढंच उरलंय. अजून मी वर गेलेले नाही. नाना म्हणतात, या, पोरं उचलून नेतील. उचलून कोण घेतंय! येईन तेव्हा कठडा आधी हलवून बघीन, आणि मग माझी मी चढेन.