शिंपल्याचं वजन

आईनं शिक्षिकेच्या नोकरीची सगळी वर्षं पदर साध्या सेफ्टीपिनेनं खांद्याला टाचला. तिच्या निरोप समारंभाला चार दिवस उरले होते. त्या दिवशी तरी तिच्या खांद्यावर एखादी सुंदर, निर्दोष वस्तू असावी, एवढंच मला हवं होतं.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागे एक म्हातारे चाचा मोडीत आलेले दागिने विकतात. त्यांच्या काचेच्या पेटीत, एकेकट्या कर्णफुलांच्या गर्दीत, मला कॅमिओ दिसला. सोन्याच्या कोंदणात शिंपल्याचा लंबगोल तुकडा, त्यावर कोरलेला बाईचा पांढरा चेहरा, मागे पिन.

कॅमिओबद्दल मी महिनाभर वाचत होते, सगळं इंग्रजीत. खरा शिंपला उजेडासमोर धरला की उजळतो आणि चेहरा मागच्या बाजूनंही सावलीसारखा दिसतो. हाताला तो गार लागतो, प्लास्टिक लागत नाही. भिंगातून केसांच्या बटांमध्ये कोरणीचे ओरखडे दिसायला हवेत. साच्यातून काढलेल्या चेहऱ्याच्या कडा गुळगुळीत असतात. पाठ बहुधा किंचित खोलगट असते. आणि तडा समोरून लपला तरी उजेडात लपत नाही.

मी दुकानाच्या दारात उभी राहून हे सगळं तपासलं. एकही तडा नव्हता.

“काय शोधून राह्यल्या बेटा त्या बाईच्या तोंडात?” चाचांनी विचारलं.

“काही नाही. घ्यायचाय मला.”

“वळखीची हाय का?”

“नाही, चाचा.”

“मंग ठीक. वळखीची असती तर भाव वाढवला असता.”

मी हसले. इथवर सगळं मला जमलं होतं.

“सोन्याचाच भाव लावतो,” ते म्हणाले. “लोक खड्यासकट तोलतात. आपल्याकडं तसलं न्हाई. बिलकुल बराबर वजन करून देतो.” आणि त्यांनी टोकदार सळई उचलली.

इमानदार सराफ खडा काढून मगच सोनं तोलतो, हे मला ठाऊक होतं. आईची अंगठी मोडायला गेलो तेव्हा समोरच पाहिलं होतं. तरी ते या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. वाचलेल्या एकाही लेखात ते नव्हतं. ते लिहिणाऱ्यांच्या देशातले दुकानदार कॅमिओ अख्खा विकतात. शिंपला म्हणजे फुकटचं ओझं, असं त्यांना कुणी सांगत नाही.

मला म्हणायचं होतं, जुना शिंपला कोरडा पडतो, तो उचकटू नका, अख्ख्या वस्तूची किंमत सांगा. वाक्य डोक्यात इंग्रजीत तयार होतं. त्याचं मराठी जुळवून मी “चाचा” म्हणाले, तेही इतक्या हळू की बाहेरच्या ऑटोच्या हॉर्नमध्ये ते बुडालं.

टक असा बारीक आवाज झाला.

केसांपासून हनुवटीपर्यंत एक रेघ गेली होती. चाचांनी शिंपला बाजूला ठेवला, कोंदण तोललं आणि काटा माझ्याकडे वळवला, म्हणजे मला नीट दिसावं.

“चिरली वाटतं,” ते सहज म्हणाले. “जाऊ द्या. तिचे पैसे कुठं लावले आपण? लाल खडा बसवून देतो इथं. नवीन दिसन.”

चिडायचं कुणावर? माणसानं मला फसवायचं नाही म्हणूनच तर हे केलं होतं. नेहमीप्रमाणे मी “चालेल” म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

“नको,” मी म्हणाले. “तीच परत बसवा.”

“तुटकी?”

“हो.”

आता आवाज बराच मोठा निघाला. शेजारच्या दुकानातल्या बाईनं वळून पाहिलं. दोन मिनिटं आधी निघाला असता तर काय बिघडलं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

समारंभाच्या सकाळी आईनं तो आरशासमोर पदरावर लावला, मग काढून खिडकीशी नेला. परीक्षेचे पेपर बघायची तशी ती बघत होती.

“ही रेघ पहिल्यापासून होती का गं?”

“हो,” मी म्हणाले.

“घेताना नीट बघून घ्यावं,” आई म्हणाली, आणि तिनं त्याच्याशेजारी एक सेफ्टीपिनही टाचली.