नानांची शोकसभा

विश्राम चौबळचे वडील बोलताना अडखळायचे. 'प' आला की जीभ अडायची. ठाण्यात, कोपरीतल्या शाळेत त्यांनी पंचवीस वर्षं गणित शिकवलं, ते बहुतेक फळ्यावर लिहूनच. बावन्न साली ते गेले, आणि शोकसभेत एका वक्त्याने त्यांच्या 'ओघवत्या वाणी'चं कौतुक केलं. विश्रामला हसूच फुटलं. शेजारी बसलेल्या आनंद फणसेने, त्याच्या जिवलग मित्राने, त्याचा हात घट्ट दाबून धरला. पण हसू ओसरलं तशी विश्रामला भीती वाटली. वडील आत्ता दारातून आत आले असते, तरी या माणसांनी भाषण थांबवलं नसतं.

कचेरीत दिवसभर जमिनीचे उतारे लिहिणाऱ्या विश्रामने त्या भीतीचं नाटक लिहिलं. त्याला चार वर्षं लागली. नाना नावाचा धडधाकट माणूस स्वतःच्याच शोकसभेत येऊन बसतो. वक्ते म्हणतात, नानांना चहा फार प्रिय. नाना म्हणतात, "अहो, मी चहाला शिवत नाही!" कोणी ऐकत नाही. बायको त्यांच्या देखत कुंकू पुसते. शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायची वेळ येते, तेव्हा दमलेले नानाही मान खाली घालून स्वतःसाठी उभे राहतात. बस्स, एवढंच.

प्रयोग ठरला कल्याणच्या एका वाचनालयाच्या माडीवर. साठ खुर्च्या, रंगमंच नाही, पडदा नाही. विश्रामला तेच हवं होतं. प्रेक्षक हेच शोकसभेला जमलेले लोक. शेवटी तो स्वतः मागच्या रांगेतून सर्वांत आधी उठणार, मग बाकीचे लोक आपोआप उठतील, अशी त्याची योजना होती. नाना झाला होता आनंद. बायकोचं काम डोंबिवलीच्या चित्राबाईंकडे होतं. त्या शाळेत शिकवायच्या. नाटकाची स्वच्छ प्रत त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात करून दिली होती, आणि एक वाक्य उतरवताना आपल्याला रडू आलं, असं विश्रामला सांगितलंही होतं.

सत्तावन्नच्या जानेवारीतला रविवार, दुपारी चारची वेळ. माडी भरली. लोक हसले, मग हळूहळू हसायचे थांबले. चहाच्या वाक्याला तर एक म्हातारे गृहस्थ रुमाल तोंडाशी धरून बसले. विश्रामच्या अंगावर काटा आला. शेवट जवळ आला तसा तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला.

तेवढ्यात घड्याळाचा गजर वाजला.

नाटकात गजर नव्हता. आनंदने डोळे चोळले, मोठी जांभई दिली. चित्राबाई कपाळभर कुंकू लावून चहाचा कप घेऊन आल्या. "अहो, उठा! ऑफिसला नाही का जायचं?"

"म्हणजे... हे स्वप्न होतं?" आनंद म्हणाला, आणि चहा गटागटा प्यायला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. विश्राम अर्धवट उठलेला होता, तो तसाच खाली बसला.

लोक पांगल्यावर त्याने आनंदला जिन्यात गाठलं. "कधी ठरलं हे?"

"अरे, टाळ्या ऐकल्यास ना? लोकांना घरी जाताना जरा बरं वाटायला नको?"

"कधी ठरलं, आनंद?"

"आठ दिवस झाले. माझ्याकडे तालमी केल्या. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

"माझे वडील होते ते," विश्राम म्हणाला. "तू माझ्या शेजारी बसला होतास."

खालून कोणीतरी हाक मारली, तसा आनंद निघून गेला.

चित्राबाई आत चेहरा पुसत होत्या. विश्राम दारातच उभा राहिला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं आनंदरावांना," त्या म्हणाल्या. "पुसलेलं कुंकू शेवटी परत लागलं नाही, तर सासूबाई मला पाठवणार नव्हत्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दुसरी बाई आणली असतीत."

"नसती आणली."

"मग नाटकच बंद केलं असतंत."

हे मात्र त्याला नाकारता आलं नाही. त्यांचा राग करता येत नव्हता, म्हणून तो जास्तच तुटला. ठाण्याला परत येईपर्यंत त्याला एकच गोष्ट खात होती. आठ दिवस सगळे आपल्या तोंडाकडे पाहून सरळपणे बोलत होते, त्यांतल्या एकाचीही जीभ अडखळली नव्हती.

नाटक चाललं. डोंबिवलीत झालं, टिटवाळ्यात झालं. नाव विश्रामचंच. रस्त्यात लोक थांबवून म्हणायचे, "वा चौबळ, शेवट काय सुचलाय तुम्हाला!" नाव काढून टाका, असं त्याने लेखी कळवलं, तर आनंदने तो विनय समजून चारचौघांत वाचून दाखवलं. त्यानंतर विश्राम प्रयोगाला गेला नाही.

एकोणसाठच्या दिवाळीत आनंद फराळाचा डबा घेऊन कोपरीला आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "नवीन काही लिहिलंयस का रे? लोक विचारतात."

"लिहिलंय," विश्राम म्हणाला.

"मग दे की!"

"तुला नाही."

आनंद हसला. विश्राम हसला नाही. त्याने डबा रिकामा केला, धुऊन पुसला आणि आनंदच्या हातात परत दिला.