हलीमाचाचीचा नवाब

महागावजवळच्या तलावाकाठी हलीमाचाचीचं घर आहे. नवरा गेल्यापासून ती बदकं पाळते. पंधरा पांढरी, आणि एक ठिपकेदार नर, नवाब. काळी चोच, टोकाला पिवळी.

त्याला मी अंगणात पाहिलं आणि मोबाईलमधल्या अ‍ॅपला विचारलं. उत्तर आलं: हळदीकुंकू बदक, नव्वद टक्के. हा रानपक्षी, घरी ठेवणं गुन्हा. मी लगेच पक्षीमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक धनसिंग पिंजरा घेऊन चाचीच्या दारात उभे होते. जागा दाखवायला मीच सोबत होतो.

"नवाबले कायले नेता?"

"रानपक्षी हाय, चाची. केस होते."

"माह्या कोंबडीनं उबवला त्याले!"

बदकी अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून चाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवते. गेल्या वर्षी तिच्या पांढऱ्या मादीनं तलावावरच्या रानबदकांत मिसळून पाणगवतात अंडी घातली होती. चाचीनं ती उचलून आणली. त्यातून दोन ठिपकेदार पिल्लं निघाली.

"असं कोणीबी सांगन," धनसिंग म्हणाले आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

चाचीनं हात जोडले नाहीत. तिनं नवाबला काखेत घेतलं. "दुर्बीण आणली ना? चला तलावावर."

पाण्यावर चाळीसेक हळदीकुंकू होती.

"त्यायच्या चोचीच्या बुडाशी लाल ठिपके हाय. याले हाय का? गळ्याचा पांढरा डाग मायचा. आन् हे शेपटी पाहा."

नवाबच्या शेपटीवर दोन पिसं मिशीला पीळ द्यावा तशी वर वळलेली होती.

"असा पीळ पाळीव नराले असते. त्या रानातल्या एकाले तरी पीळ असन त दाखवा, मी सोता याले पिंजऱ्यात टाकीन."

धनसिंगनी दुर्बीण लावली. एकेक शेपटी तपासत गेले.

"एक हाय!" ते ओरडले. "थो पाहा, डाव्या बाजूनं!"

चाचीनं दुर्बीण घेतली, पाहिलं आणि हसायला लागली. "अरे, हा त वजीर! नवाबचा भाऊ. पावसाळ्यात उडून गेलता मेला."

तिनं घरून अ‍ॅल्युमिनियमची थाळी आणली आणि चमच्यानं ठणठण वाजवली. "आऽ आऽ, वजीर!"

सगळा थवा फडफडत उडाला. एकटा वजीर मागे राहिला आणि पाणी कापत सरळ चाचीच्या पायाशी आला. शेपटीवर पीळ होताच.

धनसिंगनी टोपी काढली. "चाची, आमच्या ट्रेनिंगात हे नोहतं."

"तुमच्या ट्रेनिंगात कोंबडी नसन."

मी तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं: माझी ओळख चुकली. पाळीव-रान संकर, दोन नर. ओळख पटवली हलीमाबींनी.

धनसिंग पिंजरा उचलायला गेले, तशी चाची म्हणाली, "रिकामा कायले नेता? ठेवून जा. खुडूक कोंबडी बसवाची हाय."

त्यांनी ठेवला.