निळ्या झाकणाची नळी

“परत रक्त? नाही देणार मी,” सुजाता म्हणाली आणि खुर्चीतून उठलीच.

लोणावळ्यात माझी छोटी लॅब आहे. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रक्त-लघवी तपासून रिपोर्टवर सही करणारी डॉक्टर. सुजाता जवळच्या कान्हे गावची, इंदुरीच्या शाळेत शिक्षिका. तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ पडला. सोबत नवरा प्रवीण आणि सासू होत्या. तिला माझ्याकडे पाठवलं होतं तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता.

“रिपोर्ट सगळे निगेटिव्ह आहेत. पण मला पटत नाहीये. दोनदा बाळाचे ठोके दिसले होते, नंतर थांबले. तू एकदा बघ.”

ते आल्यावर मी आधी फाईल चाळली. थायरॉइड, साखर, दोघांचे क्रोमोसोम, सगळं नीट. माझी नजर अडली ती ‘लूपस अँटिकोॲग्युलंट’ या तपासणीवर. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. काहींच्या शरीरात चुकीच्या अँटिबॉडी तयार होतात. त्यांच्यामुळे वारेत, म्हणजे बाळाला रक्त पुरवणाऱ्या भागात, गुठळ्या होऊ शकतात आणि गर्भ टिकत नाही. गंमत अशी की नळीत याच अँटिबॉडी रक्त गोठायला उशीर लावतात. तो उशीर मोजला की त्या सापडतात.

मात्र प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, अगदी स्वच्छ लागतो. त्यात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, राहिल्या आणि तो तसाच फ्रीझरमध्ये गोठवला, तर त्या फुटतात आणि अँटिबॉडींना झाकून टाकतात. रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

ज्या कलेक्शन सेंटरमधून रक्त गेलं होतं, तिथे मी फोन लावला.

“सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये किती वेळा फिरवलं होतं?”

“एकदाच, मॅडम. मग डीप फ्रीझरला ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली.”

या यंत्रात नळी गरगर फिरली की पेशी तळाशी बसतात, पण सगळ्या प्लेटलेट्स काढायला दोनदा फिरवायला हवं होतं. चूक झालीच असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते. शंका मात्र रास्त होती.

हे सगळं मी सुजाताला सांगितलं. ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

“म्हणजे काहीतरी सापडेल?”

“सापडेलच असं नाही. पण सापडलं तर त्यावर औषध आहे.”

सासूबाई खुर्ची सोडून पुढे आल्या. त्या म्हणाल्या, “डाक्टरीनबाई, पोरगी लय दमलीय. आमी तिला कायबी बोलत न्हाई. मूल न्हाई झालं तरी आमची हाये ती. पर हे तिच्यामुळं झालं असं तिला वाटतंय, तेवढं काढा डोक्यातनं.”

सुजाता परत येऊन खुर्चीत बसली. डोळे पुसले आणि बाही वर केली.

“आज नको,” मी म्हटलं. “आज शनिवार. पुण्याच्या लॅबला नेताना भुशी धरणाच्या पर्यटकांच्या गर्दीत माझी गाडी अडकली तर गोठवलेला प्लाझ्मा वितळायचा. मंगळवारी या.”

मंगळवारी निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. लगेच फिरवलं, वरचा प्लाझ्मा हलक्या हाताने काढला, पुन्हा फिरवलं. गोठवून कोरड्या बर्फात ठेवला आणि मी स्वतः गाडी काढून पुण्याच्या मोठ्या लॅबला नेऊन दिला.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

प्रवीण फोनवर म्हणाला, “मॅडम, हे चांगलं की वाईट?”

“अजून ठरवायचं नाही. साध्या तापानेही अशा अँटिबॉडी काही दिवस येतात-जातात. तीन महिन्यांनी परत बघायचं.”

ते तीन महिने सुजाताला जड गेले असणार. मला एकदाही फोन आला नाही. दुसऱ्या वेळीही पॉझिटिव्हच आला. मी रिपोर्ट समोर ठेवला तेव्हा ती बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी जिना चढले म्हणून नाही. एसटीने गेले म्हणून नाही.”

“नाही.”

ती रडली, पण मोकळी होऊन.

पुढचं काम तिच्या डॉक्टरांचं. रक्त पातळ ठेवणारी छोटी गोळी सुरू झाली. दिवस राहिल्यावर रोज पोटात, गुठळ्या रोखणाऱ्या हेपॅरिनचं इंजेक्शन. शाळेला निघण्याआधी ती स्वतःच टोचून घ्यायची. कारखान्यात दिवसभर यंत्रांशी झुंजणारा प्रवीण तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. सासूबाई त्याला हसायच्या.

मुलगी झाली, थोडी लवकर, पण ठणठणीत. काविळीच्या तपासणीसाठी तिच्या टाचेतून रक्त मीच घेतलं. तिने सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला.

“लय खमकी हाये,” सासूबाई खूश होऊन म्हणाल्या.

हे औषध प्रत्येकीला लागू पडत नाही, आणि पुष्कळदा सगळ्या तपासण्या करूनही कारण हाती येत नाही. पण निगेटिव्हचा अर्थ ‘या सॅम्पलमध्ये सापडलं नाही’ एवढाच असतो. समोरच्या बाईची हकिगत आणि कागद जुळत नसतील, तर मी आधी बाईचं ऐकते.