पाच मिनिटांचं काम

माझा स्वभाव गरम आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून तुम्हाला कळेलच. अकोल्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, अन् तिथे येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो. "मी काहीच नाई केलं, आपोआप बंद पडला." आपोआप. एकाच्या पॉवर सप्लायमध्ये पाल शिरून आडवी झालेली असते, आपोआप. एका मास्तरांनी मे महिन्यात कॉम्प्युटरला गरम होतं म्हणून खोलीतला कूलर थेट त्याच्या तोंडासमोर आणून ठेवला अन् दीड महिना त्याला ओली हवा पाजली. आतले स्क्रू गंजून लाल झाले, तेही आपोआप. एका बाईंचा मॉनिटर मेला म्हणून मी भर उन्हात धावत गेलो, तर पुसता पुसता कोणीतरी ब्राइटनेस शून्यावर नेऊन ठेवलेला. मी बटन दाबलं, पडदा उजळला. बाई म्हणाल्या, "माय माय, एवढंच होतं काय?"

मी म्हणालो, "एवढंच होतं."

हे "एवढंच होतं" सांगण्याचा मला फार अभिमान होता. आमच्या धंद्यात असे लोक आहेत की सैल झालेली वायर दाबायला मशीन तीन दिवस दुकानात ठेवून घेतात अन् चौथ्या दिवशी तोंड पाडून सांगतात, मदरबोर्ड गेला होता. अशा लोकांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत करायचं अन् तसंच सांगायचं. दुकानात मी हे मोठ्या अक्षरात लिहून लावलंसुद्धा होतं. आईनं ते काढायला लावलं. म्हणाली, एवढा तोरा बरा नाई.

आईला काळजी माझ्या लग्नाची होती. तीन ठिकाणं झाली होती अन् तिन्हीकडून नकार. पोरगा काय करतो? कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हणजे नोकरी? नाही, दुकान. की समोरच्यांचा चेहरा बदलायचा. अमरावतीच्या ठिकाणी तर पोरीच्या काकानं मला विचारलं, "म्हंजे स्क्रू खोलता तुमी?" मी म्हणालो, "खोलतो अन् परत कसतोबी. बरेच जण नुसते खोलतात." बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

चौथं ठिकाण परतवाड्याजवळचं होतं. घरचा मळा, त्यात झेंडू, शेवंती अन् थोडा भाजीपाला. पोरगी घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन सेंटर चालवायची. लोकांचे फॉर्म भरणं, सातबारा काढून देणं, प्रिंट, झेरॉक्स. माझ्या बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणून आई अन् मी दोघंच निघालो. आईनं बसमध्येच बजावलं, "आज तोंड उघडू नको. इचारलं तेवढंच बोल." मी नवा क्रीम रंगाचा शर्ट घातला होता अन् सोबत माझी अवजारांची बॅग होती. बॅगेशिवाय मी कुठेच जात नाही, बारशालाही नाही. आईनं त्या बॅगेवर पेढ्यांचा पुडा ठेवला, म्हणजे ती दिसू नये.

त्यांच्या फाटकाशी पोचलो तर पुढच्या खोलीतून आवाज येत होता. एक गृहस्थ कागद हातात धरून उभे होते अन् टेबलामागची पोरगी त्यांना विचारत होती, "काका, हे मागचं पान हाय. पुढचं कुठी हाय?"

"काय मालूम, बाई."

"आपोआप गेलं काय? त्याले काय पाय फुटले? जा, घेऊन या. तसंबी आज मशीन बंद हाय, उद्या या."

मी तिथेच खलास झालो. खोटं कशाला सांगू. मला वाटलं होतं, "आपोआप" या शब्दावर एवढा चिडणारा जगात मी एकटाच आहे. आईनं मागून ढोसलं तेव्हा कळलं की मी फाटकातच उभा आहे. तोवर बाकी तीन ठिकाणी मला हो म्हटलं काय अन् नाही म्हटलं काय, फार फरक पडला नव्हता. इथे मात्र पडत होता. हिनं नाही म्हणू नये, एवढंच डोक्यात.

पोहे आले, वर भरपूर सांभार. हो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पोरीचे वडील शांत माणूस, मान खाली घालून पोहे खात होते. सगळं बोलणं तिच्या मामांकडे होतं. मामांनी ताटली खाली ठेवली अन् म्हणाले, "तुमी कॉम्प्युटरवाले म्हने. मंग आमचं मशीन पाहा बरं. सकायपासून बंद हाय."

आई दातांमधून म्हणाली, "उठू नको." पण मी उठलो होतो.

सगळं घर पुढच्या खोलीत जमलं. वडील टॉर्च धरून उभे, मामा सल्ल्याला. "व्हायरस असन," मामा म्हणाले. मी बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून करंट पाहिला. होता. मागची वायर दाबून पाहिली. घट्ट होती. मॉनिटरची केबल पाहिली. तीही बरोबर. मग बटन दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच, अन् आतून एक लांबलचक बीप. थांबून पुन्हा बीप.

"व्हायरसच हाय," मामा म्हणाले.

"रॅम हाय," मी म्हणालो. "खोडरबर आना."

रॅम म्हणजे बोटापेक्षा जरा लांब एक पट्टी, तिच्या एका कडेला सोनेरी दात असतात. त्या दातांवर मळ बसला की कॉम्प्युटर असा ओरडतो. रबरानं घासायचं, परत बसवायचं, संपलं. मी वायर काढली, नव्या शर्टाच्या बाह्या सारल्या, गुडघे टेकले अन् बाजूचं झाकण खोललं. आत बोटभर धूळ, झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या, अन् रॅमची जागा रिकामी.

मी टॉर्च जवळ ओढून पुन्हा पाहिलं. रिकामीच. भोवती सगळीकडे धूळ, फक्त त्या जागेपाशी बोटांचे ठसे, अगदी ताजे. म्हणजे कोणीतरी आज सकाळीच ती पट्टी उपटून नेली होती.

आता पाहा माझी पंचाईत. "तुमच्या घरात कोणीतरी रॅम काढली" असं पोरगी पाहायला आलेल्यानं सांगायचं म्हणजे सोयरिकीवर पाणी. अन् माझ्या बॅगेत, पेढ्यांच्या खाली, एक चांगली रॅम पडलेली होती. गुपचूप लावली असती तर मशीन चालू, मामा खूश, मी हिरो. आई दारातून डोळ्यांनी तेच सांगत होती, लाव अन् उठ. मला ती पोरगी इतकी हवी होती की माझा हात बॅगेकडे गेलासुद्धा. खरं सांगतो, गेला. पण मग मशीन चालू झाल्यावर मी काय म्हणणार होतो? एवढंच होतं? एवढंच तर नव्हतं. अन् मग माझं डोकं तापलं.

"याच्यातली रॅम कोनं काढली?" मी विचारलं.

मामा एक पाऊल पुढे आले. "कोनं म्हंजे? काय म्हननं हाय तुमचं?"

"कोनं ते मले नाई माहीत. पन आपोआप निघत नसते. आज सकायीच काढली हाय, बोटं उमटली हायत."

आईनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात ती पोरगी आतून सुपारीचं तबक घेऊन आली. तबकात बडीशेप, लवंगा, सुपारी, अडकित्ता अन् अडकित्त्याशेजारी आडवी ठेवलेली रॅम.

"घ्या," ती म्हणाली. "मले पाहाले आलेले तुमी तिसरे. पहिला म्हने मदरबोर्ड गेला. दुसरा म्हने व्हायरस हाय, पुन्याले न्या लागन. दोघंबी कॉम्प्युटरमधलेच म्हनून आले होते. रॅमची जागा कोनीच पाह्यली नाई."

व्हायरसचं नाव निघताच मामा छताकडे पाहायला लागले. वडिलांचा टॉर्च खाली आला. "म्हंजे दर खेपेस मशीन बंद पाडनारी तूच काय?"

"हौ, बाबा. बोलता सगळ्यायलेच येते. काम करता येते का, ते पाहा लागते ना."

इथे शहाणा माणूस हसला असता. तबकातून एक लवंग उचलली असती, अन् त्याच बैठकीत सुपारी फुटली असती. मी काय केलं? तिनं रॅम उचलून माझ्यापुढे धरली, ती नेमकी सोनेरी दातांना बोटं लावून. अन् दातांना सुपारीचा चुरा चिकटलेला.

"रॅम अशी धरतात काय?" मी म्हणालो. "सोनेरी बाजूले बोट लावाचं नसते. कडेनं धराची. अन् हे सुपारीत ठेवाची चीज हाय? चुरा गेला आत तर खाच खराब होते. परीक्षा घ्या, पन वस्तूचे हाल कायले?" हे मी दोन मिनिटं तरी बोललो असेन. मध्ये एकदा मामांना धूळ दाखवून त्यांनाही बोललो. पोरगी पाहायला आलेला पोरगा पोरीला अन् तिच्या मामाला झापतो आहे, असा तो कार्यक्रम.

तिनं सगळं ऐकलं. जबडा घट्ट, नजर माझ्यावर. मी दात रबरानं घासले, पट्टी खाचेत बसवली, दोन्ही बाजूंनी टक् टक् आवाज आला. बटन दाबलं. पडदा उजळला.

"एवढंच होतं," मी सवयीनं म्हणालो. कोणी हसलं नाही. ती तबक घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. निघताना वडील म्हणाले, "कयवतो."

आमच्याकडे "कळवतो" म्हणजे काय, ते मला तीन ठिकाणांनी शिकवलं होतं.

बसमध्ये दर्यापूर गेल्यावर आई बोलली. "पोरीले पाहाले गेलता का शिकवाले?" आठ दिवस फोन आला नाही. त्या आठ दिवसांत मी दुकानात कुत्र्यासारखा वसवसत होतो. फोन वाजला की हातातला स्क्रू पडायचा अन् पलीकडून कोणीतरी प्रिंटरचा रोल अडकला म्हणायचं. एक गिऱ्हाईक आपणहून म्हणालं, "भाऊ, खरं सांगतो, माह्याच हातून पडला," तर माझे डोळे भरून आले. कसं बोललो मी तिला, कशाला बोललो, हेच दिवसभर.

नवव्या दिवशी सकाळी फोन आला. अनोळखी नंबर.

"कॉम्प्युटरचं दुकान काय?"

आवाज ओळखला अन् मी स्टुलावर बसलो. "हौ."

"परतवाड्याहून बोलून राहिली. मशीन बंद हाय."

मी धंद्याचे प्रश्न विचारत गेलो, दुसरं सुचतच नव्हतं. लाइट हाय? हाय. वायर पाह्यली? पाह्यली. बीप येते? नाई. पंखा? तोबी नाई फिरत.

"काय केलं होतं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काहीच नाई केलं. आपोआप बंद पडला."

मी शटर ओढलं. मोटारसायकलला किक मारली. बॅगेत नवा पॉवर सप्लाय, टेस्टर, दोन रॅम, हाताला येईल ते टाकलं होतं. दर्यापूर कधी गेलं, अंजनगाव कधी आलं, मला काही ठाऊक नाही. वाटेत मी एकटाच मोठमोठ्यानं हसत होतो, अन् एका ट्रॅक्टरवाल्यानं वळून पाहिलं.

वडील मळ्यात फुलं तोडायला गेले होते. तिची आई दारात आली, या बाप्पा म्हणाली अन् चहा ठेवायला आत गेली. पोरगी टेबलामागे कोणाचा तरी फॉर्म भरत बसली होती. वर पाहिलं नाही. मी टेबलाखालचं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, थोडं पुढे ओढलं अन् मागे वाकलो.

कॅबिनेटच्या मागे, वायर जिथे घुसते तिथे, एक लहानसं काळं बटन असतं. ते बंद होतं. ते बटन चुकून बंद होत नाही. भिंतीला टेकलेल्या कॅबिनेटमागे कोपरापर्यंत हात घालावा लागतो. बटनावर धूळ होती अन् धुळीवर एकाच बोटाचा ठसा.

मी तसाच वाकलेला, मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"बाबा फोनवरच कयवनार होते," ती फॉर्मकडे पाहत म्हणाली. "मी नाई म्हनलं."

मी विचारलं, "काहून?"

"तुमी मले जे बोलले, ते तोंडावर बोलले. मामाच्या समोर. मंग माह्यं उत्तर फोनवरून कसं देऊ?" आता तिनं पेन ठेवलं अन् सरळ माझ्याकडे पाहिलं. "माह्यं हौ हाय. रॅम मी आता कडेनंच धरते."

मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही. एवढं आठवतं की डोकं वर उचलताना टेबलाच्या कडेला आपटलं अन् ती अंगावर पदर नसताना तोंडावर धरायला पदर शोधत हसली. बोट माझं त्या काळ्या बटनावरच होतं. जरा दाबायचा अवकाश.

तेवढ्यात आतून तिच्या आईनं विचारलं, "झालं काय, बाप्पा? लय येळ लागन काय?"

"लागन, मावशी," मी म्हणालो. "काम मोठं हाय."

ते बटन दाबायला मला त्या दिवशी दोन तास लागले.