बाबांच्या जीपचा लहान दांडा

माझी मुलगी जन्मली त्या दिवशी मी दोन किलोमीटर चिखलातून धावलो, आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

गोंदिया जिल्हा आमच्या जिल्ह्यातून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सानगडीच्या आत आमचं गाव. बाबांकडे जुनी जीप होती, लहान दांडा ओढला की चारही चाकांना जोर लावणारी. कुणाला साप चावला की बाबा त्याला घेऊन दवाखान्याकडे निघायचे. दर रविवारी मला म्हणायचे, "चाल, तलावाच्या पाळीवर शिकवतो तुले."

"मले येते गाडी, बाबा!" (येत होती. डांबरी रस्त्यावर. तोही कोरडा असेल तर.)

मग ते सुनेला, माझ्या वंदनाला, शिकवायचे.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. बाबा पवनीला मामाकडे गेलेले, आणि वंदनाला तारखेच्या तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या! तिला आणि आईला जीपमध्ये बसवून मी ऐटीत निघालो. शेतांमधल्या कच्च्या पांदणीत अर्ध्यावर मागची चाकं रुतली. मी जोर लावला. जीप आणखी खाली बसली.

"तो लहान दांडा ओढा नं!" वंदना कण्हत ओरडली.

मी ओढला. तो हँडब्रेक निघाला!

"काहून असे करून राहिले जी? उतरा! मांगून धक्का द्या!" ती स्वतःच स्टिअरिंगवर सरकली.

मागून आई किंचाळली, "अवं, तुले कळा येऊन राहिल्या!"

"येऊ द्या, आई. तुमी घट्ट धरून बसा."

तिनं लहान दांडा खटकन ओढला, आणि जीप इतक्या अलगद वर आली की धक्का देणारा मी तोंडावर चिखलात!

"थांब!"

"थांबली तं पुन्हा फसन!"

बरोबरच होतं. मी धावत सुटलो. बाजूच्या भाताच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "मास्तर, गाडी चुकली का जी?"

डांबरी रस्त्यावर जीप थांबली होती. वंदना बाजूला सरकली. "आता चालवा. इथून येते तुमाले."

लाखनीच्या दवाखान्यात नर्स स्ट्रेचर घेऊन धावली. माझ्याकडे! (अंगभर चिखल, तोंडाला फेस. तिचा तरी काय दोष?) तासाभरात मुलगी झाली.

संध्याकाळी बाबा आले. आईनं सगळं रंगवून सांगितलं. ते हसले नाहीत. नातीच्या मुठीत बोट देऊन एवढंच म्हणाले, "येतं का मंग रविवारी पाळीवर?"

"पुढच्या रविवारी, बाबा."

असे किती 'पुढचे' रविवार गेले! मग बाबा गेले. मागोमाग जीपही गेली. आता गावापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. नागपूरहून जातो तेव्हा पाळीवर बसतो जरा वेळ. कुणी 'चाल' म्हणत नाही.

तो दांडा कधी ओढायचा, चढावर काय करायचं, चिखलात किती जोर लावायचा, सगळं मी नंतर मोबाईलवर बघून पाठ केलं. परवा सोसायटीतल्या एका शेजाऱ्याला त्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. तो भारावून म्हणाला, "सर, तुमच्याकडे कोणती गाडी आहे?"

"स्कूटी," मी म्हणालो. "तीही बायकोची."